चंद्रकलेचं शेवटचं वाक्य

परवा आईचा फोन आला. ती म्हणाली, "येळवस आली बग. तुरी वाळून राहिल्या, हरभऱ्याला घाटे धरलेत. अवंदा तरी येतीस का न्हाई?" मी म्हणाले, बघते. अकरा वर्षं मी 'बघते' म्हणते आहे आणि अकरा वर्षं आई "बग बरं" म्हणून फोन ठेवते. दोघींनाही माहीत असतं.

बंगळूरात येळवस, म्हणजे मार्गशीर्षाची अमावस्या, कधी येते नि कधी जाते, पत्ता लागत नाही. मी एका नाट्यगृहाच्या कपडेपटात काम करते. तिथे खिडकी नाही. इस्त्रीची वाफ अंगावर बरी वाटायला लागली की समजायचं, थंडी पडली. गावाकडे या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची खोप, तिच्यात चुना लावून पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, नव्या माठातली आंबील, सगळ्या ओल्या शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. आणि बांधावरून जाणारा कुणी का असेना, त्याला हाक मारायचीच. भांडण असलं तरी मारायची. त्या दिवशी हाक न मारणं हे आमच्या नांदेड-लातूरकडे कुणाच्या मनातही येत नाही.

यंदा मात्र येळवस मला हँगरवर भेटली. गेल्या महिन्यात आमच्या मॅडमनी एका नव्या नाटकाचे कपडे इस्त्रीला दिले. इंग्रजांच्या देशातलं फार जुनं नाटक, इथल्या मुलांनी नव्यानं बसवलेलं. एकाच हँगरवर दोन पोशाख टाचलेले होते: चिलखत आणि त्याखाली लग्नाचा झगा. मी मॅडमना विचारलं, "हे दोन्ही एकाच बाईचे?" त्या म्हणाल्या, "हो. किल्ल्याला वेढा पडतो, मुलगी बापाच्या जागी पुरुष होऊन लढते, शेवटी..." मी म्हणाले, "शेवटी राजाला कळतं आणि तो तिचं राजपुत्राशी लग्न लावतो." मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. आठवी नापाससुद्धा नाही, आठवी सोडलेली ही बाई, हिला हे कुठून माहीत?

मला ते नाटक तोंडपाठ होतं. नुसती त्यातली नायिका चंद्रकलाच नाही, सगळ्यांची सगळी भाषणं.

आमचं गाव देगलूरपासून हाकेच्या अंतरावर. गावात त्याला 'साहेबाचं नाटक' म्हणत. निजामाच्या काळात आमच्या शाळेवर एक मास्तर होता. हैदराबादला असताना त्यानं ते कुठल्या गोऱ्या साहेबाकडून ऐकलं आणि मराठीत उतरवून काढलं. मूळ वहीचं कधीच पीठ झालं होतं. आमच्या हातात होती ती वहीवरून उतरवलेली वही. मास्तर मोठा कारागीर माणूस. त्यानं समुद्राची मांजरा नदी केली, जहाजाची नाव केली, राजाच्या सरदारांना मनसबदार केलं. साहेबाच्या देशातला बर्फ काढून टाकला आणि तिथे बिनदिक्कत उन्हाळ्याची लू घातली. नायिकेचं नाव ठेवलं चंद्रकला. दरबारात उर्दू, रडताना मराठी, शिव्या तेलुगूत. सगळं बदललं त्यानं. फक्त शेवट जसाच्या तसा ठेवला. सात वर्षं घोड्यावर बसलेली पोर खाली उतरते, हिरवा शालू नेसून येते आणि म्हणते: "आज मी माझ्या खऱ्या रूपात आले. महाराज, हे रूप आता आपल्या पायांशी." पडदा.

दरवर्षी येळवशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी महादेवाच्या ओट्यावर ते नाटक व्हायचं. पुण्या-हैदराबादेला गेलेली माणसं येळवशीला परत आलेली असायची, म्हणून तो दिवस. आणि चंद्रकला करायचे मन्मथअप्पा.

मन्मथअप्पांचं किराणा दुकान होतं, त्यांच्या थोरल्या भावाबरोबर, अण्णांबरोबर. पस्तिशी ओलांडलेले, गळ्यात लिंग, कपाळावर ठळक भस्म, बोलणं हळू. साखर बांधतानासुद्धा पुडीला अशी घडी घालायचे की उघडायचं जिवावर यावं. माझी शाळा सुटली तेव्हा – आई वर्षभर अंथरुणावर, दोन भाऊ लहान, आठवीची शाळा दुसऱ्या गावाला – मी त्यांच्या दुकानात तेल आणायला गेले होते. ते म्हणाले, "सुमन, वाचन सोडू नको." मी म्हटलं, "वाचू काय अप्पा? घरात कागद आसतो तो तुमच्या पुडीचा." तर दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नाटकाची वही माझ्या हातात ठेवली. पडद्यामागून वाक्यं देणारे म्हातारे नाना होते, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अप्पा म्हणाले, "तू प्रॉम्टिंग कर."

नाटकमंडळींनी कटकट केली. पोरीची जात, नाटकात कशी चालायची? त्यावर अप्पांनीच तोड काढली, "पडद्यापुढं बाई चालत न्हाई म्हून तर मी हाय. पडद्यामागं कोन बगतंय?" सगळे हसले. त्या हसण्यावर माझी नेमणूक झाली.

मी तीन वर्षं त्या पडद्यामागे उभी होते. आमच्याकडचे नट पाठ करत नसत. शेतीची कामं उरकून येणारी माणसं, त्यांना प्रवेश ठाऊक असे, शब्द नसत. प्रॉम्टरनं वाक्य द्यायचं, नटानं उचलायचं. चंद्रकलेचं वाक्य माझ्या तोंडातून निघायचं, सतरंजीच्या पडद्यातून जायचं आणि मन्मथअप्पांच्या तोंडातून गावाला ऐकू जायचं. बाईचे शब्द बाई बोलायची आणि ते बाप्याच्या गळ्यातून बाहेर यायचे. तेव्हा यात मला काही विशेष वाटत नव्हतं. श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द दाबायचा, कुठे सोडायचा, सगळं त्यांनी शिकवलं. आज कानडी-हिंदीत चार माणसांत बोलू शकते, ते त्या सतरंजीमागच्या तीन वर्षांवर. माझ्या पोटाला जे लागतंय त्यातला एक वाटा त्यांचा आहे, हे मी रोज म्हणते. आणि म्हटल्यावर बरं वाटत नाही.

एक नियम होता. नाटकात गप्प पडली, म्हणजे मध्येच शांतता झाली, तर चूक प्रॉम्टरची. नट अडला असं आमचं गाव कधीच म्हणत नाही. प्रॉम्टर झोपला म्हणतं.

तिसऱ्या वर्षी येळवशीला अप्पा आमच्या बांधावरून चालले होते. आईनं हाक मारली, ते आले, जेवले. आंबिलीचं कौतुक केलं. मग मी घाटे तोडायला उठले तशी मागे आले.

"उद्या शेवटाला मी पहिलं वाक्य म्हननार अन् थांबनार. पुढचं देऊ नको."

"का हो?"

"रेणापूरचे पाव्हणे येनार हायत. अण्णानं माझ्यासाठी बगितलेल्या पोरीचा बाप अन् मामा. नाटक बगू, अन् मग तारीख काढू, म्हनले."

"मग चांगलं हाय की."

ते घाटा सोलत राहिले. आतले दोन दाणे तळहातावर घेऊन बघत म्हणाले, "सुमन, ते पहिलं वाक्य नाटकाचं न्हाई. ते माझं हाय. वरीसभर मी ते एक वाक्य बोलायची वाट बगतो. शालू नेसून. दुसरं वाक्य मला न्हाई जमत. अण्णापुढं तोंड उगडत न्हाई माझं. तिथं उगडतं. पहिल्यावर थांबलो, की ज्याला समजायचं त्याला समजंल. रेणापूरचे उठून जातील. त्या पोरीचं तरी वाटुळं होनार न्हाई."

मला समजलं. सतरा वर्षांची होते, तरी समजलं. गावात सगळ्यांनाच समजलेलं असतं, फक्त कुणी त्याला वाक्य देत नाही.

"लोक काय म्हनतील अप्पा?"

"दोन दिवस म्हनतील. मग हरभरा उपटायला जातील," ते हसले. "तू फकस्त गप बस."

गप्प बसायचं. जगातलं सगळ्यात सोपं काम मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. ओट्यासमोर पोती अंथरलेली. पहिल्या रांगेत अण्णा, शेजारी रेणापूरचे दोघं, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मांडीवर टोप्या. पोरं नेहमीप्रमाणे ओरडत होती, "चंद्रकले, मिशी सरळ कर!" कारण रिसालदाराच्या वेषातल्या चंद्रकलेला खोटी मिशी लावायची, ती लावण्यासाठी अप्पा खरी मिशी काढायचे. बाप्यानं बाई व्हायचं, त्या बाईनं बाप्या व्हायचं. गाव या गोष्टीवर पोट धरून हसायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही, कारण शेवटी सगळं जागच्या जागी जाणार हे ठाऊक होतं.

शेवटचा प्रवेश आला. हिरवा शालू नेसून अप्पा बाहेर गेले. मी पहिलं वाक्य दिलं. त्यांना ते द्यायची गरज नव्हती, तरी दिलं.

"आज मी माझ्या खऱ्या रूपात आले."

इतकं साधं म्हटलं त्यांनी ते. नाटकी नाही. दुकानात "अजून काय देऊ" म्हणायचे त्या आवाजात. आणि थांबले.

मी वहीवर बोट ठेवून उभी. पडद्याच्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती, अंबाड्याचं गंगावन, मानेवर घाम. राजपुत्र झालेला ट्रॅक्टरवाला दबक्या आवाजात म्हणाला, "म्हन की." अप्पा हलले नाहीत. एक पोरगं शिटी वाजवून गेलं. कुणीतरी म्हणालं, "प्रॉम्टर! ए, झोपलीस का?" आणि मग नानांचा, त्या मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्याचा आवाज, "तरी मी सांगत होतो, पोरीच्या हाती देऊ नका."

मी वाक्य दिलं. हळू. अप्पांनी मान किंचित हलवली, नाही म्हणून. मी पुन्हा दिलं. का दिलं? मला वाटलं गाव आता मला उभी फाडणार. मला वाटलं माझं हे एवढंसं काम जाणार. त्या घटकेला मला अप्पा दिसतच नव्हते, मला फक्त ती गप्प ऐकू येत होती आणि ती माझी चूक होती. तिसऱ्यांदा मी ओरडले. "महाराज, हे रूप आता आपल्या पायांशी!"

सतरंजीमागून एका पोरीचा आवाज ओट्यावर पडला. गाव हसून लोळलं. रेणापूरचा मामा टोपीनं तोंड झाकून हसत होता. अण्णा हसत होते. अप्पांनी पडद्याकडे वळून बघितलं, एकदाच. मग खाली बसले आणि वाक्य म्हणाले. सगळ्या वर्षांत एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

आत आल्यावर त्यांनी बांगड्या एकेक करून काढल्या. मी भिंतीला टेकून रडत होते. ते म्हणाले, "घसा बसला आसंल. पानी पी."

त्याच संध्याकाळी लग्नाची फाल्गुनातली तारीख निघाली.

इथल्या नाटकाची तालीम मी दोनदा बघितली. दिग्दर्शक बाई आहे, माझ्यापेक्षा लहान. तिनं शेवट बदलला. तिची नायिका झगा हातात घेते आणि घालत नाही. राजा, राजपुत्र, सगळे वाट बघत उभे, आणि ती काहीच बोलत नाही. फार वेळ. बाईनं सगळ्या बॅकस्टेजला ताकीद दिली होती: ही गप्प पडलेली नाही, ही ठेवलेली आहे. कुणी खोकायचं नाही. मी तोंडात टाचण्या धरून विंगेत उभी होते आणि माझे ओठ आपोआप हलत होते, मराठीत. टाचणी लागून रक्त आलं तेव्हा समजलं. प्रेक्षक मात्र त्या शांततेत बसून राहिले. नंतर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

प्रयोगानंतर ती बाई कॉलेजच्या मुलांशी बोलत होती. साहेब गेला तरी त्याचा शेवट आपण जपून ठेवला, म्हणाली. बाईनं कुठलं रूप घ्यायचं, बाप्यानं कुठलं, याचा साहेबाचा कायदा आपण आपलाच म्हणून पाठ केला. मी झगा घडी करत ऐकत होते. मला आमचा मास्तर आठवला. त्यानं बर्फ काढला, समुद्र काढला, आणि शेवटापाशी येऊन त्याचा हात थांबला. परका वाटलाच नसेल त्याला तो.

पण मला आणखी एक आठवतं. आमच्याकडे देवीचे जोगते यायचे, कर्नाटकाच्या बाजूनं. अंगानं पुरुष, नेसायला लुगडं, डोक्यावर देवीची परडी. माझी आई, अण्णांची बायको, स्वतः अण्णासुद्धा त्यांच्या पाया पडायचे, आणि त्यांना खोपीत बसवून जेवू घालायचे. म्हणजे देवीसाठी लुगडं नेसलं तर नमस्कार, नाटकासाठी नेसलं तर शिट्ट्या आणि मानाचा नारळ. आणि नुसतं आपल्यासाठी, दुकान बंद करून घरी, आरशापुढे? त्याला आमच्या गावात जागा नव्हती. ही गोष्ट मी त्या बाईला सांगायला हवी होती. ती खूश झाली असती, वहीत लिहून घेतलं असतं. पण मग तिनं पुढे विचारलं असतं, त्या माणसाचं काय झालं?

काय झालं. लग्न झालं. अप्पांनी नाटक सोडलं. लग्न झालेल्या माणसानं शालू नेसणं बरं दिसत नाही, असं अण्णा म्हणाले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांची बायको महानंदा माहेरी रेणापूरला गेली ती आलीच नाही. लोकांनी दोघांनाही सोडलं नाही, पण तिला जास्त बोलले. तिच्यातच खोट असणार, एवढा गरीब माणूस. मग अप्पाही धर्माबादला गेले, मिरचीच्या व्यापाऱ्याकडे. आईला तीन वर्षांपूर्वी बाजारात दिसले होते. डोळे लाल होते म्हणाली. मिरचीनं होतात.

मी त्यांना फोन केलेला नाही. नंबर आहे. काय म्हणायचं ते मला कुणी द्यायला नाही.

पण ही दोघं वेगळी होण्याआधीची एक येळवस आहे, मी गाव सोडलं त्याच्या आधीची शेवटची. ती इस्त्रीखाली धरावी तशी मी दरसाल धरते आणि तिची घडी जात नाही.

लग्नाला वर्ष व्हायला आलं होतं. दोघं बांधावरून चालले होते, अप्पा पुढे, महानंदा चार पावलं मागे. आईनं खोपीतून हाक मारली, "ओ मन्मथअप्पा! पाव्हणीला घेऊन या की!" मला वाटलं जमिनीत जावं. ते आले. अप्पा माझ्या भावांबरोबर विहिरीकडे गेले, आई चुलीपाशी, आणि खोपीच्या सावलीला आम्ही दोघीच उरलो. तिच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. थोडा वेळ घाटे सोलून झाल्यावर ती म्हणाली, "मागून बोलत होत्या त्या तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"बाबा घरी येऊन सांगत होते. जावई जरा अडला, तर पडद्यामागून एका पोरीनं आठवण करून दिली. सगळे लई हसले आमच्यात. मी बी हसले." तिनं टरफल फेकलं. "लग्नानंतर आठ दिवसांनी ह्यांनी सगळं सांगितलं. मी म्हनलं, मग आधी सांगायचं न्हाई का? म्हनले, सांगत होतो."

मी पुढचा घाटा उचलला.

"मानूस वाईट न्हाई, ताई. हात उगारत न्हाईत, आवाज चढवत न्हाईत. दर सोमवारी गजरा आनतात. मी घातला की बगत बसतात." तिनं गजऱ्याला हात लावला. "माझ्याकडं न्हाई. गजऱ्याकडं."

विहिरीकडून अप्पांचं हसणं ऐकू आलं. भाऊ काहीतरी वेडंवाकडं बोलला असणार. तिनं तिकडे बघितलं आणि एकदम बारीक आवाजात विचारलं, "पुढं काय होतं हो तिचं, त्या चंद्रकलेचं? लग्न झाल्यावर?"

"तेवढं न्हाई वहीत. लग्न ठरतं अन् पडदा पडतो."

"सात वरसं घोड्यावर बसलेली ना ती?"

"हाव."

"मग घरात कशी राहिली आसंल?"

"लिहिलेलं न्हाई."

"लिहिनारा बाप्या आसंल," ती म्हणाली आणि हसली. कडू नाही. खरंच हसू आलं म्हणून हसली.

मग आईनं सगळ्यांना पंगतीला बसवलं. अप्पा माझ्यासमोर बसले. "कसं काय सुमन, वाचन चालू हाय ना?" म्हणाले. मी त्यांच्या ताटलीत उंडा वाढला. महानंदानं पदर सावरून त्यांच्या पुढ्यातली भज्जी त्यांच्याकडे सरकवली, त्यांनी त्यातली अर्धी तिच्या ताटलीत परत घातली. दोघंही एकमेकांशी इतकं जपून वागत होते की बघवत नव्हतं.

आई चुलीपासून ओरडली, "सुमे, पाव्हणीला आग्रह कर की! तोंडात मूग धरलेस का?"

मी माठ उचलला आणि महानंदाच्या वाटीत आंबील ओतायला लागले. ती म्हणाली, "पुरे ताई." वाटी भरली, ताटली भरली, आंबील चटईवर ओघळायला लागली, ती पुरे म्हणत होती, आणि मी खाली मान घालून ओतत राहिले.